अकरा खुंटांची खाडी

करावे,
दि. १८ सप्टेंबर १९९४

चि. विश्वजित यास अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू येऊन गेलास आणि माझं घर आठ दिवस भरल्यासारखं वाटत राहिलं. वीस-बावीस वर्षांनी एक विद्यार्थी दारात उभा राहतो आणि चहाचा कप हाती घ्यायच्या आत चौथीच्या पुस्तकातली समुद्राची कविता एकही मात्रा न चुकता म्हणून दाखवतो. निवृत्त मास्तराला आणखी काय पाहिजे? मला ती आपली शाळा दिसली. बस्करपट्टीच्या टोकाला, खिडकीशी तू बसायचास. तुझे वडील मिठागरावर कारकून होते, त्यांची बदली झाली आणि तू पुण्याला गेलास, तेव्हा वर्गातला सूरच गेला. माझी एक जुनी समजूत आहे, हसू नकोस: ज्याचं पाठांतर पक्कं, त्याचा शब्द पक्का.

तू सांगितलेली कालवांच्या शेतीची गोष्ट मी दुसऱ्याच दिवशी बायकांना समजावून सांगितली. रिकाम्या शिंपल्यांना भोकं पाडायची, दोरीत ओवून माळा करायच्या, तराफ्याखाली पाण्यात सोडायच्या. भरतीबरोबर वाहणारी कालवांची पिल्लं त्यांना चिकटतात आणि वर्षभरात वाढतात. खत नको, खाद्य नको. उलट पाणी गाळून स्वच्छ होतं आणि मासा परत येतो. माझी थोरली वहिनी वेणूबाई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "भावजी, कालवा काय भेंडी हाय, लावाला?" सगळ्या हसल्या. गोजरा तर म्हणाली, "लावा, लावा. पाऊस नाय पडला तरी पानी हायच."

पण हसण्यामागे गरज आहे. तू पाहिलंसच, कारखान्यांचं काळं पाणी ओहोटीला कसं उतरतं. डोलीच्या जाळ्यात आता कोळंबीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. खडकाळ खडपावरची कालवं कोयतीने काढायला बायका पूर्वी घरासमोर उतरत, आता दोन तास चालतात.

पूर्वी आपल्या खाडीत चाळीसेक खुंट होते, आज अकरा उभे आहेत. तू कारकुनाचा मुलगा, तुला कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो. डोलीचं जाळं बांधायचा हा लाकडी खुंट ज्या घराने रोवला, ती पाण्यातली जागा त्या घराची. जाळं दहा वर्षं बांधलं नाही तरी चालतं, खुंट उभा पाहिजे. तो उपटतात एकदाच: घरात कुणी उरलं नाही की गावकी जाते आणि काढून आणते. आमच्याकडे त्याचा कागद नाही, सातबारा नाही. खुंट हाच कागद.

तू काम करतोस त्या संस्थेकडून सामानाचं काय ते लवकर कळव.

तुझा,
कमळाकर गुरुजी


पुणे,
दि. ६ ऑक्टोबर १९९४

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र संस्थेत सगळ्यांना वाचून दाखवलं. 'खुंट हाच कागद' हे वाक्य आमच्या साहेबांनी वहीत उतरवून घेतलं!

पुढच्या सोमवारी टेंपोने बांबू, दोरखंड आणि चोवीस पिंपं येतील. दोन तराफे आधी करा. काळ्या पाण्यापासून लांब, खाडीच्या तोंडाकडच्या अंगाला, जिथे ओहोटीतही कमरेइतकं पाणी राहतं तिथे नांगरा. माळेतल्या दोन शिंपल्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक माळ वर काढून बघा आणि मला लिहा.

गुरुजी, मी आज जो काही आहे तो तुमच्या त्या वर्गामुळे. समुद्र म्हणजे काय ते मला आधी कवितेतून कळलं, पाण्यातून नंतर. करावे हे माझं पहिलं गाव असणार आहे, म्हणजे आमच्या कामातलं पहिलं. ते उभं राहिलं की उरणपासून रेवसपर्यंत सगळे तुमच्याकडे बघायला येतील.

वेणूकाकूंना सांगा, कालवं भेंडीपेक्षा सोपी असतात. त्यांना कीड लागत नाही.

आपला नम्र,
विश्वजित


करावे,
दि. २० डिसेंबर १९९४

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

आज सकाळी तिसऱ्यांदा माळ वर काढली. पहिल्या दोन वेळा नुसता चिखल होता, आणि बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी पायाचा अंगठा न्याहाळत बसलो होतो. आज गोजराने शिंपली हातात घेतली, पदराने पुसली आणि ओरडली, "गो बाय, यी बघ कनी!"

तांदळाच्या कणीएवढी पिल्लं. एकेका शिंपल्यावर पंधरा-वीस. मी सत्तरीला आलेला माणूस, होडीत उभा राहिलो आणि पडता पडता वाचलो. एवढ्या बारीक जिवाला हा एक शिंपलाच आपला, हे कुणी सांगितलं असेल? मला ओव्या सुचू लागल्या. मोठ्याने म्हणालो तर वहिनी म्हणते, "भावजी, आदी वल्हवा, मंग गावा."

आणखी एक नवल. तराफ्याच्या सावलीत बोईट माशांची पिल्लं जमू लागली आहेत. माझ्या लहानपणी ती शाळेच्या मागच्या खाचरात यायची. आम्ही धोतरात धरायचो आणि मार खायचो. इतक्या वर्षांनी त्यांची ओळख पटली बघ.

वहिनीची नात ऋता वाशीच्या कॉलेजात जाते (नाव मीच ठेवलं, घरात कुणाला नीट म्हणता येत नाही). ती आता दर पंधरवड्याची नोंद ठेवते. गावकीचा प्रमुख मानसिंगही रविवारी येऊन बघून गेला, म्हणजे हे काम आता माझ्या एकट्याच्या वेडाचं राहिलं नाही. आणखी चार तराफे पाठव.

कमळाकर गुरुजी


पुणे,
दि. ९ जानेवारी १९९५

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

अभिनंदन! तराफे पाठवतोच. पण एक अडचण आहे आणि ती तुम्हीच सोडवू शकाल.

संस्थेचा नियम असा की एकाच पाण्यात डोल आणि शेती दोन्ही नको. डोलीत बारीक मासा मरतो, मग आपण कुणासाठी पाणी सुधारतो? शिवाय खुंटांपाशी गाळ साचतो, आणि पावसाळ्यात नांगर सुटला तर तराफा खुंटावर आपटून फुटेल. ते अकरा खुंट काढून घ्यावेत.

मला माहीत आहे, लोकांच्या मनात ते काय आहेत. पण गुरुजी, खुंट चिखलात होता, आता हक्क तराफ्यात आहे. जुनी कविता जाते, नवी येते. गाव तुमचा शब्द मोडणार नाही.

काम झालं की संस्थेच्या दप्तरासाठी एक कागद करून पाठवा, तुमच्या सुंदर अक्षरात: अकरा खुंट कुठे होते, कुणाचे होते, ग्रामस्थांनी ते स्वखुशीने काढले आणि डोलीची मासेमारी बंद केली. खाली अकरा घरांच्या सह्या किंवा अंगठे. नुसती औपचारिकता आहे.

आपला,
विश्वजित


करावे,
दि. १४ फेब्रुवारी १९९५

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

झालं. पण सोपं गेलं नाही, आणि ते मला कुणाला तरी सांगायचं आहे.

गावदेवीच्या अंगणात बैठक भरली. मानसिंग म्हणाला, "गुरुजी, पोरगा पुन्याचा हाय. खुंट आपला हाय." मी तासभर बोललो. कणी दाखवली, बोईटांची पिल्लं सांगितली. तरी कुणी हलेना. मग मी नारळावर हात ठेवला आणि म्हणालो, तराफा हाच आता खुंट, याची जामीनकी माझी. आमच्यात नारळावर हात ठेवून बोललेल्या माणसाला पुन्हा प्रश्न विचारत नाहीत. कुणी विचारला नाही.

तीन ओहोट्या लागल्या. दहा घरांचे खुंट निघाले. वहिनीचा राहिला. तो माझ्या दादाने लग्नाच्या वर्षी रोवलेला, आणि दादा जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. ती चिखलात उतरली, दोन्ही हातांनी खुंटाला धरून उभी राहिली. म्हणाली, "भावजी, या घरान कोनी नाय काय? मी हाय ना?" मी म्हटलं, वहिनी, माझ्यावर भरोसा नाही? ती बाजूला झाली. एवढंच. खुंट निघताना जो आवाज झाला, त्याला कुठल्याही वृत्तात बसवता येणार नाही.

खरं सांगू? मला तिचा रागही आला. शिकलेली नाही, म्हणून तिला लाकडाचं प्रेम. पुढचं दिसत नाही. तू असतास तर दोन ओळींत समजावलं असतंस.

कागद सोबत जोडला आहे. नवी निब घालून लिहिला. अंगठे माझ्या ओसरीवर घेतले. वहिनीचा शेवटून दुसरा, जरा फिसकटला आहे.

कमळाकर गुरुजी


करावे,
दि. ७ डिसेंबर १९९५

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

जून आणि ऑगस्टमधली माझी पत्रं पोचली असतील. तुझी फिरती चालू असणार, म्हणून उत्तराची वाट न बघता लिहितो आहे.

आज पहिला माल निघाला! सहा तराफ्यांवरच्या माळा इतक्या जड झाल्या की एकेक ओढायला दोघी लागल्या. बायका ओट्यावर कोयती घेऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत सोलत होत्या. दोन तासांची पायपीट नाही, खडपावर पाय कापणं नाही. नेरूळच्या नव्या बिल्डिंगांच्या फाटकावर गोजरा पाटी घेऊन गेली. एका बाईने विचारलं, "ताजी आहेत का?" गोजरा म्हणते, "बाय, आमचे शेतातला माल हाय. बिनखताचा." त्या बाईने म्हणे तोंडली समजून आत बोलावलं!

वहिनीने पहिली वाटी माझ्याकडे पाठवली. कांद्यावर परतलेली. निरोप होता, "भावजींना सांग, भेंडीपेक्षा बरी हायत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं; तिखटाचं म्हणालो.

ये ना एकदा. तुझी वाटी काढून ठेवायला सांगतो.

कमळाकर गुरुजी


पुणे,
दि. २९ डिसेंबर १९९५

आदरणीय गुरुजी,
सा. न.

कार्डावर थोडक्यात लिहितो, क्षमा असावी. तुमच्या यशाने आनंद झाला. सध्या एका मोठ्या पाहणीच्या कामात आहे. नवे तराफे तूर्त वाढवू नयेत. सविस्तर नंतर.

विश्वजित


करावे,
दि. १६ मार्च १९९६

चि. विश्वजित यास आशीर्वाद.

हे पत्र घाईत लिहितो आहे. काहीतरी मोठी चूक झाली आहे आणि ती तूच दुरुस्त करू शकशील.

मंगळवारी सकाळी एक लाँच आली. तिच्यावर टोप्या घातलेली माणसं, नकाशे आणि लाल निशाणं. त्यांनी खाडीच्या तोंडाशी पिंपांची रांग सोडली आणि म्हणाले, आतली जागा आता कंपनीची, इथे बार्ज लावायचा धक्का होणार. आमचे सहाही तराफे दोरीला बांधून किनाऱ्याकडे ओढत नेले. माळा चिखलात घासत होत्या. बायका गुडघाभर गाळातून मागे धावल्या. गोजराने एका माणसाच्या अंगावर ओली माळ फेकली. बरं झालं लागली नाही, नाहीतर वाईट झालं असतं.

मानसिंगने विचारलं, गावाची संमती कुठे आहे? त्यांचा मुख्य माणूस शांतपणे म्हणाला, "चालू मासेमारीची जागा असली तर संमती. इथं एकही खुंट नाही. तराफे तर विनापरवाना आहेत." आणि त्याने पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

अकरा नावं, अकरा जागा, अकरा अंगठे. 'स्वखुशीने काढले.' वहिनीचा फिसकटलेला ठसासुद्धा जसाच्या तसा.

मानसिंगने कागद वाचला आणि मग माझ्याकडे पाहिलं. वहिनीने विचारलं, "काय लिवलाय त्यान?" तिला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

तुमच्या कचेरीतल्या कुणा कारकुनाने हा कागद परस्पर दिला असणार. तू साहेबांना सांग की तो संस्थेच्या दप्तरासाठी होता, तुमच्याच सांगण्यावरून खुंट काढले आणि बदल्यात तराफे दिले. तुझं एक पत्र पुरेल. मूळ कागदही परत पाठव. जागांची ती एकच यादी आहे, मी प्रत ठेवली नाही. ९ मेला सुनावणी आहे. गाव माझ्याशी बोलत नाही. वाण्याकडे गेलो तर बाकावरची माणसं उठून गेली.

उलट टपाली लिही.

कमळाकर गुरुजी


पुणे,
दि. २ एप्रिल १९९६

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

कारकुनाची चूक नाही. धक्क्याच्या जागेची पाहणी आमच्याच संस्थेने केली आणि ती माझ्याकडे होती. पहिल्यांदा मी तुमच्याकडे आलो तेव्हा मनात फक्त कालवांची शेती होती, यावर विश्वास ठेवा. धक्क्याचं काम संस्थेकडे आलं ते नंतर, ९४च्या डिसेंबरात. साहेब म्हणाले, त्या खाडीत खुंट आहेत तोवर संमतीला पाच वर्षं जातील. तुझी तिथे ओळख आहे. मी नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा नोकरी नवी होती, मुलगी लहान होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, धक्का होईल, पण तराफेही कुठेतरी बाजूला राहतील. दोन्ही जमेल. मग जमेना, आणि तुमची पत्रं येत राहिली. ती कालवांची वाटी वाचून मी दोन दिवस कामावर गेलो नाही.

कंपनी गावात एक वाचनालय बांधायला तयार आहे. तुमचं नाव देऊ असं मी सुचवलं आहे आणि त्यांनी मान्य केलं आहे. कवितांची पुस्तकं मी स्वतः निवडेन. ऋताला तिथे काम मिळेल.

मूळ कागद आता माझ्या हातात नाही. एक विनंती. माझी आधीची पत्रं, विशेषतः ९ जानेवारीचं, तुमच्याकडे असतील तर फाडून टाका. त्याने तुमचं काही परत येणार नाही. माझं मात्र सगळं जाईल. तुमचा विद्यार्थी म्हणून मागतो आहे.

विश्वजित


करावे,
दि. २१ एप्रिल १९९६

श्री. विश्वजित यांस,

पत्र मिळालं. आशीर्वाद लिहायला हात उचलला होता. तो वर राहिला आणि मग खाली ठेवला.

तुमची तारीख मी दोनदा वाचली. डिसेंबर ९४. म्हणजे मी होडीत उभा राहून कणीचं पत्र रचत होतो, त्याच महिन्यात तुम्हाला कळलं. जानेवारीत तुम्ही मला 'जुनी कविता जाते, नवी येते' असं लिहिलंत. ते वाक्य मी बैठकीत म्हटलं होतं, आणि चांगलं म्हटलं होतं.

दोन दिवस मी दार लावून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमची सगळी पत्रं फडक्यात बांधली आणि गावदेवीच्या अंगणात गेलो. मानसिंगला म्हटलं, माणसं बोलाव, बायकाही. तो म्हणाला, "आता काय राह्यलंय बोलाचा?" मी म्हटलं, वाचायचं आहे.

चाळीस वर्षं मी या गावाच्या पोरांना वाचून दाखवलं. एवढं वाईट कधी वाचलं नाही. पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत, गाळलं काही नाही. वाचनालयाच्या ओळीपाशी गोजरा म्हणाली, "आमी काय पुस्तका सोलून खावाची?" पण या वेळी कुणी हसलं नाही.

तुमची संपल्यावर माझी सांगितली. ती तुमच्याकडे आहेत, पण मला तोंडपाठ आहेत. वहिनीबद्दल मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं: शिकलेली नाही, लाकडाचं प्रेम, पुढचं दिसत नाही. ती समोरच बसली होती. तिच्याकडे बघत म्हणालो, कारण दुसरीकडे बघून म्हणणं म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं.

ती म्हणाली, "त्यो परका व्हता. तुमी तर घरचं व्हतात ना, भावजी?"

तुम्ही मला फसवलंत, ते मी तुमच्या पत्रातच वाचलं. मी तिला फसवलं, ते तिने मला तोंडावर सांगितलं. दोन्हींत जास्त काय लागलं, ते तुम्हाला कळायचं नाही.

मग ती उठली आणि ऋताला म्हणाली, "लिव." खडपाशेजारचा खुंट, हौसेरावच्या घराचा, भरतीला तीन पुरुष पानी. वळनावरचा, पुतळाच्या सासऱ्याचा. त्याच्या पुढं... एकेक बाई आपापला सांगत गेली. कुणाचा कधी रोवला, कुठल्या झाडाच्या रेषेत, ओहोटीला किती उघडा पडायचा. अकराच नाही, आधी गेलेले एकोणतीसही सांगितले. ऋताचं मनगट दुखायला लागलं. जी यादी एकट्या मलाच ठाऊक आहे असं मी समजत होतो, ती माझ्या यादीच्या जवळजवळ चौपट निघाली. तेव्हा तुमच्याकडचा मूळ कागद तिकडेच राहू द्या. त्याची गरज उरली नाही.

तुमची पत्रं मानसिंगने सुनावणीसाठी घेतली. ९ जानेवारीचं सगळ्यात वर ठेवलं आहे. मला साक्ष द्यायची आहे. खुंट काढायला लावणारा पहिला माणूस म्हणून माझंच नाव पुकारतील. जागा परत मिळेल की नाही कुणालाच सांगता येत नाही. वकील म्हणतो, अंगठे खरे आहेत, ते पुसता येत नाहीत. तराफे किनाऱ्यावर पडले आहेत आणि माळांवरची कालवं उन्हात उघडी पडून मेली. तो वास माझ्या ओसरीपर्यंत येतो. कुणी झाकून टाका म्हणालं, मी नको म्हटलं.

फाडून टाकायची विनंती तुम्ही विद्यार्थी म्हणून केलीत. मी तुम्हाला कविता शिकवली. त्या वर्गात दुसरंही काही शिकवायला हवं होतं, ते राहून गेलं असावं. तो दोष माझा आहे. तो मी तुमच्या माथी मारत नाही.

यापुढे लिहायचं असेल तर अवश्य लिहा. फक्त एक ध्यानात ठेवा. माझ्या नावाने आलेलं पत्र पोस्टमन आता माझ्या दारात देत नाही. मीच त्याला तसं सांगितलं आहे. ते गावदेवीच्या अंगणात जातं, बैठक भरते, ऋता पाकीट फोडते आणि वेणूबाईला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवते.

कमळाकर तांडेल